कागद अडतो तिथे

अरे, तशीच कुठे ठेवतोस, टेबलाला ओरखडे पडतील — थांब, हे जुनं पांघरूण अंथरते. हां, आता ठेव. आणि आधी कॉफी घे रे इल्पो, बंदूक काही चालत जात नाही कुठे. कालेर्वो? तो तळ्यावर गेलाय. जाळं काढायला म्हणे. सकाळीच काढलं होतं खरं तर — बादलीभर मासे आणले, साफ करून करून माझी बोटं बधिर झाली — पण तू निघालायस असा रेइयोचा फोन आला आणि हा उठला, टोपी चढवली आणि म्हणाला, ‘जाळं बघून येतो.’ म्हटलं, अहो, एवढ्यात मासे काय रांग लावून बसलेत तुमच्यासाठी? तर गेलाच. नवरा म्हातारा झाला की त्याला सांगायचं तरी काय! तू बस. साखर घालतोस ना? तुझी आई नाही घालायची. एका बाकावर बसायचो आम्ही — बसायचो म्हणजे काय, दोन हिवाळे बसले असेन मी, मग मी गुरांकडे लागले आणि ती शिकली. म्हणून तर तिचा मुलगा बंदुकांचा डॉक्टर झाला आणि मी अजून या चुलीपाशीच आहे. हसतोस काय? पाव घे, वेलदोडा घातलाय भरपूर.

उद्या शेवटचा रविवार, हो ना? उद्या चांदमारीवर नेमाची परीक्षा झाली की या वर्षाची संपली. उद्या नाही जमलं तर कालेर्वोला एल्कच्या शिकारीला जाता यायचं नाही, आणि काळ्या ओढ्यावरचा त्याचा मोका, ती दबा धरायची जागा, टोळीचा म्होरक्या म्हणून रेइयो दुसऱ्या कुणाला तरी देईल. सगळं माहीत आहे मला, तू पुन्हा सांगू नकोस. तो मोका त्याच्या बापाचा होता. तिथल्या दगडावर त्याच्या बसण्याचा खळगा पडलाय म्हणतात शिकारीच्या टोळीतली पोरं. तिथून आलेलं जनावर कधी परत गेलं नाही — गेल्या वर्षापर्यंत. रेइयो काल इथेच बसला होता, तुझ्याच खुर्चीवर, आणि मला म्हणतो, ‘लेम्पीकाकू, कालेर्वोकाका नसतील तर ओढ्याच्या बाजूने सगळी जनावरं निसटतील, आम्ही हाका घालायचा कशाला? इल्पोला पाठवतो मी. बंदुकीत काही तरी आहे. माणसात काही नाही.’ चांगलं पोर आहे. इतकं चांगलं की कधी कधी वाटतं, थोडं वाईट असतं तर बरं झालं असतं.

काय करतोस ते? दुर्बीण हलवून बघतोस? बघ. ती बदलून झालीय. दुसरी लावली होती मागच्या आठवड्यात, रेइयोच्या भावाची, तरी तेच. आधी म्हणाले, काडतुसांचा दोष. तीन तऱ्हेची काडतुसं आणली, जड गोळीची, हलक्या गोळीची, अजून कसली तरी — घरभर डब्या. मग म्हणाले, नळीत तांबं बसलंय. मग हा बाप्या दिवसभर त्या नळीतून चिंध्या ओढत बसला, हिरवंनिळं पाणी निघालं, वास असा की मी खिडक्या उघड्या टाकल्या आणि माझी रोपं गारठली. मग कुणी सांगितलं, नळीच्या तोंडाशी खरचटलं असेल, गोळी सुटताना तिथेच लडबडते. भिंग घेऊन बघितलं. काही नाही. अशी सगळी अंगं धुंडाळून झाली रे बाबा, आता मला त्या बंदुकीकडे बघवत नाही. आणि हे लाकूड बघितलंस ना, गाठीगाठीचं — अंगणातल्या बर्चचं आहे हे. आमची आनेली झाली त्या वर्षी वादळात पडला तो बर्च. दहा वर्षं कोठारात वाळवला आणि मग दोन हिवाळे बसून दस्ता कोरला कालेर्वोने. माझ्यापेक्षा त्या लाकडावर जास्त वेळ हात फिरवला असेल त्याने. हो हो, हस. खरं तेच सांगतेय.

काय विचारलंस? गोळ्या कशा जायच्या? मला काय कळतं त्यातलं — पण पहिल्या रविवारचा पुठ्ठा बघितलाय मी, त्याने आणून चुलीत घातला त्याच्या आधी. पहिली बरोबर मधे. दुसरी जरा वर. तिसरी अजून वर आणि उजवीकडे, आणि चौथी तर एल्कच्या चित्राच्या पाठीवरून पार. जशी नळी तापेल तशी चढत जायची. गेल्या रविवारचं मात्र वेगळं होतं — तेव्हा कुठलीच गोळी कुठल्या गोळीला ओळखत नव्हती, चारी चार दिशांना. एकीचा हिशेब लागला तर दुसरीचा नाही. रेइयो डोकं धरून बसला. म्हणाला, ‘ही एक खोड नाही, दोन खोडी आहेत.’ असं म्हणाला खरा.

आणि सांगू का, गंमत कशात आहे? दोन्ही वेळा नापास होऊन घरी आला ना, तर मी घाबरून होते. म्हटलं आता जेवणार नाही, बोलणार नाही, दारं आपटील. तर कुठलं काय! दोन ताटं माशाचं कालवण जेवला. पाठोपाठ दोन्ही रविवारी. बाहेर टोळीतल्या लोकांपुढे एवढा तणतणला म्हणे — ‘या बंदुकीच्या तर, हिला तळ्यात फेकतो, इल्पोने नळी बसवली का पाण्याचा पाइप बसवला!’ — हो, तुलाही शिव्या घातल्या, तू रागावू नकोस. आणि घरी आल्यावर शीळ घालत लाकडं फोडली आणि रात्री लहान मुलासारखा झोपला. गेल्या शरदापासून त्याला झोप नव्हती रे. मी पडल्यापडल्या ऐकायची, उठायचा, पाणी प्यायचा, खिडकीशी उभा राहायचा. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला की काय. नापास होऊन कुणाला झोप लागते?

मुरंबा नको घेऊस तो, तो लाल बेरींचा — घे, घे, तू घे, तुला काय झालंय. शेजारच्या साइमीने दिलेल्या बेरींचा आहे. कालेर्वो शिवत नाही त्याला. लहानपणापासून लापशीबरोबर, मांसाबरोबर, ज्या त्या पदार्थाबरोबर लाल बेरी खाणारा माणूस, गेल्या वर्षापासून बरणी टेबलावर आली की तोंड फिरवतो. म्हणतो, आंबट ढेकर येतात. येत असतील. वय झालं की काय काय येतं.

गेल्या शरदातलं ना? ते तर तुला माहीतच आहे, सगळ्या गावाला माहीत आहे. हाका चालू होता, कुत्री वरच्या अंगाला होती, आणि ओढ्यापाशी कालेर्वोने एक गोळी झाडली. नुसती एक. सगळे धावत आले, तर कुठे रक्त नाही, केस नाही, खुराची खूण नाही. म्हणाला, ‘चुकली.’ एवढंच. मग काय, टोळीला सुगीच झाली की! घोड्याएवढं जनावर आणि ते चाळीस पावलांवरून चुकतं? जो चुकेल त्याने पुढच्या शनिवारी शिकारखोपीवर सगळ्यांना पुरेल अशी पावाची वेणी न्यायची, हा त्यांचा दंड. जन्मात कधी न्यावी लागली नव्हती आमच्या घरातून. मी भाजली. हाताएवढी जाड वेणी, वर बदाम, वर साखर. आणि ती कापताना एकेकाची तोंडं सुटली — ‘काका, एल्क होता का ससा होता?’ ‘काका, एल्कने तुम्हाला चष्मा दिला का जाता जाता?’ सगळा हिवाळा तेच. दुकानात तेच, चर्चच्या पायऱ्यांवर तेच. आणि हा हसायचा. मला त्याचं ते हसणं सहन व्हायचं नाही.

मग तू आलास आणि म्हणालास, दोष बंदुकीत आहे. तेव्हा तर मी तुझ्या पाया पडायचीच राहिले होते. मी नाही का म्हटलं होतं, घरात बंदूक नको, मला भीती वाटते, आणि याने ते कुलपाचं लोखंडी कपाट नेऊन सॉनाच्या बाहेरच्या खोलीत ठेवलं. कपडे काढायच्या खोलीत! दर बुधवारी वाफ, दर शनिवारी वाफ. तू कपाट उघडलंस, दस्त्यावर नाक टेकवलंस आणि म्हणालास, ‘मावशी, हिला तुमच्याबरोबर आठवड्यातून दोनदा घाम येतोय.’ लाकूड फुगलं, वाकलं आणि एका बाजूने नळीला चिकटलं. असा घोळ आमच्याच लोकांत व्हायचा. मग तू या टेबलावरच बसून लाकडाच्या आतली पन्हळ घासलीस, तेल पाजलंस आणि मला बोलावून दाखवलंस — वर्तमानपत्राची एक पट्टी घेतलीस, नळी आणि लाकूड यांच्या मधे घातलीस आणि टोकापासून पार आतपर्यंत सरकवत नेलीस. ‘बघा मावशी, कागद अडला नाही. नळी लाकडाला कुठेच शिवत नाही, मोकळी आहे. आता ही खोटं बोलणार नाही.’ आणि आनेलीची नखांची लाल रंगाची बाटली मागून घेतलीस आणि स्क्रूंवर एकेक रेघ ओढलीस, अर्धी स्क्रूवर आणि अर्धी लोखंडावर. म्हणालास, सैल झाला तर रेघ तुटेल, लगेच कळेल. मी विसरत नाही रे काही. लिहितावाचता येत नाही ना धड, म्हणून सगळं डोक्यातच ठेवावं लागतं.

कपाट मग घरात आलं. तिथे, माझ्या कोटांच्या शेजारी. वसंतात त्याने पाच गोळ्या झाडल्या आणि पुठ्ठा आणून इथे भिंतीला लावला. पाचही भोकं एकमेकांना चिकटलेली, एका बटणाखाली झाकतील एवढी. तू म्हणालास, ‘मावशी, अशी बंदूक या तालुक्यात नाही.’ आणि माझ्या पोटात गोळा आला.

नाही, काही नाही. आनंदाने म्हटलं. आनंदाने पोटात गोळा येत नाही का? कॉफी घे अजून. अर्धाच कप घेतलास. आणि तो कागद कशाला काढतोस आता? ते झालंय ना एकदा. वसंतातच झालंय, अडत नाही म्हणून तूच सांगितलंस. दोनदोनदा काय करायचं तेच ते! दुर्बिणीचं बघ, नाही तर चापाचं बघ, चाप मला जरा — मला काय कळतं, पण चाप जड झालाय असं म्हणत होता. काल म्हणत होता. की परवा. ठेव तो कागद, इल्पो. पाव गार होईल.

बरं, आधी स्क्रू बघतोस? बघ. स्क्रू बघ हवे तेवढे. त्यात काय!

काय झालं? का थांबलास?

आण इकडे, उजेडात. मला जवळचं दिसतं अजून, लांबचंच दिसत नाही. कुठे? हां, ही रेघ. लाल. मागच्या स्क्रूवर आहे बघ, सलग आहे. आणि पुढच्या — अगं बाई. ही अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे. तुटली की. म्हणजे फिरलाय हा? सैल आहे? बोटाने फिरतोय? मग धक्क्याने झाला असेल. गोळ्यांच्या धक्क्याने होतंच की. खाचेत काय आहे? चकाकतंय. ताजं चकाकतंय. स्क्रूड्रायव्हर लागलाय म्हणतोस? कुणाचा? माझ्याकडे काय बघतोस असा? मी नाही हात लावला स्क्रूला. देवाशपथ नाही. मला त्या स्क्रूतलं काही कळतही नाही, मी फक्त ती साल सरकवली —

…

कॉफी सांडली बघ. थांब, फडकं आणते.

नको, उठू नकोस. बस. काय बघायचं ते बघ. घाल तुझा कागद. टोकाकडून घाल. हां. अडला ना? तिथेच आहे ती. बर्चची साल आहे, चूल पेटवायच्या टोपलीतली, दुमडून घातलीय. विणायच्या सुईने आत ढकलली, म्हणून वरून दिसत नाही. लाकडाच्याच रंगाची. ऑगस्टात घातली, तो गवत कापायला गेला होता तेव्हा. कपाटाची चावी त्याच्याखेरीज कुणाला माहीत असू नये असा कायदा आहे म्हणे — ज्या बाईने याचे मोजे रफू केले एवढी वर्षं, तिला चावी कुठल्या मोज्यात आहे ते माहीत नसावं! तूच शिकवलंस मला, नळी कुठे शिवता कामा नये ते. ते ऐकलं नसतं तर मला सुचलंही नसतं. म्हणजे तुझा दोष नाही रे. तसं नाही म्हणत.

नको असा बघूस. तुझी आई असंच बघायची.

मी दमलेय, इल्पो. वर्षभर एक गोष्ट गिळून बसलेय आणि ती खाली जात नाही आणि वर येत नाही. आणि ती सांगायचीही नाही, कारण ती मला सॉनात सांगितलेली आहे. तुला ठाऊक आहे, सॉनातलं बोलणं दाराबाहेर यायचं नसतं. माझी आजी म्हणायची, तिथे देवळासारखं वागा. माझी चारही बाळंतपणं नाही तरी दोन तिथेच झाली, सासूला शेवटची आंघोळ तिथेच घातली. तिथलं बोलणं मी आजवर कधी बाहेर आणलं नाही, सख्ख्या लेकीजवळ नाही. पण साल तू बघितलीस. आता मी काही नाही सांगितलं तर तू मला वेडी समजशील, नाही तर त्याहून वाईट काही तरी. नवऱ्याच्या वाईटावर टपलेली बाई समजशील.

गोळी चुकली त्या शनिवारचीच गोष्ट. शिकारीहून आला, जेवला नाही. सॉना तापला होता. वरच्या फळीवर आम्ही दोघं, अंधार, मी दगडांवर पाणी टाकलं, वाफ वर आली, आणि त्या वाफेत तो म्हणाला, ‘लेम्पी, तो एल्क नव्हता.’ मी म्हटलं, मग? त्याने पळी माझ्या हातातून घेतली, आणखी पाणी टाकलं. मग म्हणाला, ‘साइमी होती.’

हो. साइमी. नवऱ्याचा जुना तपकिरी कोट घालून ओढ्याकाठी बेरी वेचत होती, वाकलेली, पाठ याच्याकडे. शिकारीच्या दिवसांत केशरी जाकीट घालायचं असतं हे तिला कोण सांगणार, ती कुणाचं ऐकते? आणि याच्या डोळ्यांत ढग आलेत, हेही कुणाला माहीत नव्हतं. मला होतं. मीठ म्हणून साखर घालायला लागला होता. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणायचा, डॉक्टरने लिहून दिलं की परवाना गेला. तपकिरी दिसलं, हललं, याने नेम धरला. नीट धरला म्हणे, श्वास रोखून, खांद्याच्या मागे, जिथे धरायचा तिथेच. आणि चाप ओढला. आणि गोळी हातभर उजवीकडे गेली आणि बर्चच्या खोडात घुसली. साइमी उभी राहिली, इकडे तिकडे बघितलं, बादली उचलली आणि गाणं गुणगुणत निघून गेली. तिला वाटलं, असेल कुठे तरी लांब, शिकारी आहेत. तिला कळलंच नाही रे. दुसऱ्या दिवशी तीच बादली घेऊन आली आमच्या दारात — ‘लेम्पी, यंदा ओढ्याकाठी काय बेरी आहेत म्हणून सांगू! तुमच्यासाठी आणल्या.’ कालेर्वो तिथे उभा होता, तुझ्या मागे, दाराशी. ‘आभारी आहे,’ म्हणाला. आणि मागच्या दाराने जाऊन गोठ्यामागे ओकला.

आता समजलं का, तू बंदूक बरी केलीस तेव्हा माझ्या पोटात गोळा का आला? त्या फुगलेल्या लाकडाने साइमीला वाचवलं. सॉनाच्या वाफेने वाचवलं, माझ्या हट्टाने वाचवलं म्हण हवं तर. आणि तू येऊन ते घासून सरळ केलंस. मला वाटलं, आता हा स्वतःच म्हणेल, बस झालं, मी नाही जात. पण ते म्हणायचं कसं? का नाही जात, असं विचारणारच ना सगळे. बापाचा मोका, तब्येत ठणठणीत, बंदूक अशी की तालुक्यात नाही. कारण द्यायला तोंड उघडलं की आतलं सगळं बाहेर येणार, आणि मग साइमीच्या समोर कसं जायचं? या गावात? म्हणून रेइयोने विचारलं तेव्हा हा म्हणाला, ‘येतो की. न यायला काय झालं?’ मी चुलीपाशी होते. माझ्या हातातलं झाकण खाली पडलं. आणि दुसऱ्याच दिवशी मी सालीची टोपली उचलली. म्हटलं, नापास होऊ दे. हसतील, हसू देत. वेण्या मी भाजीन जन्मभर.

आणि तो इतका मनापासून चिडायचा बंदुकीवर लोकांसमोर, मला वाटायचं, लेम्पी, किती दुष्ट आहेस तू. त्याचा एकच जीवाचा शौक, आणि तू रोज त्याच्या ताटात वाढतेस आणि मागून —

थांब.

थांब जरा, इल्पो. तो स्क्रू.

तू म्हणालास, स्क्रूड्रायव्हर लागलाय. ताजा. साल माझी. आणि स्क्रू? कपाटाला हात लावणारं तिसरं माणूस या घरात नाही. आनेली येते ती नाताळला. रेइयोने दुर्बीण बदलली, पण खाली कुठे हात लावला नाही, मी इथेच होते. आणि कालेर्वो — तू ओळखतोस त्याला, चर्चच्या दाराच्या बिजागरीचा स्क्रू सैल दिसला तर प्रार्थना सोडून खिशातला चाकू काढणारा माणूस. त्याने हा दस्ता कोरलाय. त्याच्या बंदुकीचा स्क्रू बोटाने फिरण्याइतका सैल झाला आणि त्याला कळलं नाही?

दोन खोडी. रेइयो म्हणाला होता. एक नाही, दोन खोडी आहेत म्हणून.

दोन ताटं कालवण. शीळ. आणि ती झोप.

आणि आज तू येतोयस म्हटल्यावर जाळं. सकाळीच काढलेलं जाळं.

अरे देवा. तो खिडकीशी उभा राहायचा, मी पडल्यापडल्या बघायची, आणि दोघांनाही वाटायचं, दुसरा झोपलाय. एकाच कपाटात दोघांनी हात घातला रे. त्याचा कोट आणि माझा कोट, मधे ते कपाट. मी सकाळी आणि तो — कधी? मी गाईचं दूध काढायला जाते तेव्हा असेल. नखांच्या रंगाची रेघ तुटेल हे लक्षात आलं नसेल त्याच्या. की दिसलीच नसेल त्याला रेघ? लाल रेघ दिसली नसेल. बघ ना. एवढी लाल.

नाही, रडत नाही मी. धूर आहे. ही चूल नीट ओढत नाही.

ऐकतोस? बोटीचं इंजिन आहे. त्याचंच. दुसऱ्या कुणाचं असं खोकत नाही. वळणापाशी आलाय, धक्क्याला लागायला वेळ आहे अजून, तो सावकाश येतो. आता मी सांगते तसं कर आणि मला काही विचारू नकोस. ती साल काढ. चिमट्याने ओढ, येईल. दे माझ्याकडे. — हं. एवढीशी तर होती. ही चुलीत गेली, संपली. ती माझी होती, तिचं काम झालं. आता स्क्रू. नको, तो घट्ट करू नकोस! ठेव ते हत्यार खाली. तो त्याचा आहे. तो जसा आहे तसा राहू दे, रेघ तुटलेली, तशीच. तुझ्या हाताने त्याच्यावर परत रंग लावू नकोस. तो त्याने विचार करून फिरवलाय, त्याला हवा तेवढा फिरवलाय. बंदूक आहे तशी इथेच ठेव. रेइयोला सांग, लाकूड आतून गेलंय, म्हातारं झालंय, आता त्याला काही इलाज नाही. तू डॉक्टर आहेस, तुझं ऐकतील. उद्या चांदमारीवर चार गोळ्या चार गावांना जातील, पोरं हसतील, मी वेणी भाजीन. आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी नेते त्याला, सोमवारी. परवाना नसलाच की मग डॉक्टरची भीती कसली!

साइमीला? तिला काय सांगायचं! ती परवाच येऊन गेली, यंदा अजून जास्त बेरी आहेत म्हणाली. केशरी जाकीट मी शिवून दिलंय तिला. घालत नाही, पण दिलंय.

बरं, नीघ आता. समोरून नको, गोठ्याकडून जा, तुझी गाडी तिकडेच आहे. तो वर येईल, माशांची बादली रिकामी असेल, आणि मी विचारणार नाही. विचारायचं असेल तर आज शनिवार आहे. सॉना तापायला हवा आता. लाकडं मीच नेते, तू राहू दे. पाव खिशात टाक तो. नीघ म्हटलं ना!